डॉ. द्वारकानाथ कोटणीस : जखमींजवळ जाणारा डॉक्टर

बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या भातसानगर, शहापूर, किन्हवली, मुरबाड भागातल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो. नीटला मार्क कमी पडले, एमबीबीएस काही मिळत नाही, मग पॅरामेडिकलला जावं का? अॅम्ब्युलन्सवर काम करायचं, अपघातात सापडलेल्या माणसाला उचलायचं, रात्रीअपरात्री धावायचं, हे आपल्याला झेपेल का? घरचे काय म्हणतील?

याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. ते तुमच्या वतीने शिक्षकाने देऊही नये. म्हणून आज सल्ला बाजूला ठेवून एका माणसाचं चरित्र वाचूया. हा माणूस आपल्या महाराष्ट्रातला, सोलापूरचा. तो शिकून पूर्ण डॉक्टर झाला होता हे खरं, पण आयुष्याच्या शेवटच्या चार वर्षांत त्याने जे काम केलं ते आजच्या पॅरामेडिकच्या कामाच्या फार जवळचं होतं. रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत वाट बघायची नाही, दवाखानाच उचलून रुग्णाजवळ न्यायचा, असं ते काम. आणि हे काम करायचं की नाही, हा निर्णय त्याला एकदा नाही, चार-पाच वेळा घ्यावा लागला. प्रत्येक वेळी परत फिरण्याची वाट मोकळी होती.

जन्म आणि शिक्षण

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. सोलापूर म्हणजे तेव्हा कापडगिरण्यांचं गाव. भोंगा वाजला की कामगारांचे लोंढे रस्त्यावर यायचे. घर मध्यमवर्गीय आणि मोठं. भावंडं बरीच. अशा घरात एका मुलाला डॉक्टर करायचं म्हणजे सगळ्या घराने पोटाला चिमटा काढायचा, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडेही एक मुलगी नर्सिंगला गेली की घरातली दोन माणसं आपल्या गरजा पुढे ढकलतात.

१९३० साली सोलापुरात फार मोठी घडामोड झाली. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटून उठलं, इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याला फाशी दिलं. कोटणीस तेव्हा वीस वर्षांचे होते. ज्यांच्या गावात असं घडलं त्या पिढीच्या मनात काय काय साठलं असेल, याची आपण फक्त कल्पना करू शकतो.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला आले. परळचं शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं होतं. इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत, अशी अट घालून देणगीदारांनी पैसे दिले होते. त्या काळी मोठ्या जागांवर गोरे साहेब असायचे, म्हणून ही अट. तर अशा कॉलेजात कोटणीस शिकले, डॉक्टर झाले आणि पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीला लागले. आणखी दोन-तीन वर्षं नेटाने अभ्यास केला असता तर मुंबईत नाव काढलं असतं, घरची ओढाताण संपली असती. वाट सरळ होती.

चीनमधून आलेली हाक

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळ मार्को पोलो पुलापाशी जपानी आणि चिनी सैन्यात चकमक झाली आणि त्यातून मोठं युद्ध पेटलं. जपानने चीनची शहरं एकामागून एक घेतली. जखमी सैनिक आणि नागरिकांची गणती राहिली नाही. एवढ्या मोठ्या देशात शिकलेले डॉक्टर मात्र मूठभर. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली.

भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात. तरीही १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं. जुलै महिन्यात चीन दिन पाळला गेला, लोकांनी वर्गणी दिली आणि सुमारे २२ हजार रुपये जमले. या पैशातून एक रुग्णवाहिका, औषधं आणि डॉक्टरांचं एक पथक पाठवायचं ठरलं.

कोटणीसांनी नाव दिलं. वय सत्तावीस. लग्न झालेलं नाही, शिक्षण अर्धवट सोडावं लागणार, आणि जायचं कुठे तर जिथे रोज बॉम्ब पडतात तिथे. घरी ही गोष्ट कळली तेव्हा काय झालं असेल? त्या वेळी आपल्याकडच्या साध्या घरांना चीन म्हणजे दारावर रेशीम विकायला येणारे चिनी फेरीवाले, यापलीकडे फारसं ठाऊक नव्हतं. वडिलांनी मुलाच्या निर्णयाला बळ दिलं. आईला मात्र फार वाईट वाटलं. मुलगा इतक्या लांब जाणार, हीच तिची चिंता. यात चूक कोणाचीच नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या घरी सांगितलं की मला अॅम्ब्युलन्सवर काम करायचंय, तर घरात साधारण हाच देखावा दिसेल. एक जण पाठीवर हात ठेवेल आणि एक जण डोळे पुसेल.

द्वारकानाथना जग बघायची हौस होती, वेगवेगळ्या देशांत जाऊन वैद्यकी करावी असं त्यांना वाटत असे. म्हणजे निर्णयात निव्वळ त्याग होता असं नाही, तरुणपणाची ओढसुद्धा होती. चरित्रं लिहिणारे लोक हा भाग गाळतात, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. कुठलंही अवघड काम माणूस फक्त कर्तव्य म्हणून फार दिवस करू शकत नाही. त्यात थोडी तरी स्वतःची आवड असावी लागते.

पाच डॉक्टर

पथकात पाच जण होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. ते नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आले होते. उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर, वयाने सगळ्यांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. आणि पाचवे सोलापूरचे डॉ. कोटणीस. पाचांत दोघे आपले मराठी होते हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण चोळकरांचं नाव पुस्तकात येतच नाही.

१ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या बोटीने ते मुंबईहून निघाले आणि १७ सप्टेंबरला कँटनला पोचले. डॉ. सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. तिथून चांगशा, हँकौ, यीचांग, चुंगकिंग असा प्रवास झाला. जपानी सैन्य मागून येत होतं आणि एकेक शहर रिकामं होत होतं. जिथे थांबतील तिथल्या रुग्णालयात हे लोक काम करायचे आणि शहर सोडायची वेळ आली की पुढे निघायचे.

चुंगकिंगमध्ये एक छान गोष्ट घडली. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान तिथे भेटले. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावं दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी हुआ हे अक्षर जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं के दी-हुआ. आजही चीनमध्ये त्यांना याच नावाने ओळखतात.

वडील गेल्याची बातमी

इथे त्यांच्या आयुष्यातला दुसरा निर्णय येतो, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा कठीण होता.

पथक चुंगकिंगहून उत्तरेकडे येनानला निघण्याच्या तयारीत असताना सोलापूरहून बातमी आली. वडील गेले. ज्या वडिलांनी परवानगी दिली, ते मुलगा परत येण्याआधीच गेले होते. डॉ. अटल यांनी त्यांना घरी परत जाण्याची मोकळीक दिली. कोणीही नावं ठेवली नसती. घरी आई होती, भावंडं होती, संसाराची जबाबदारी होती.

ते गेले नाहीत. पथकाबरोबर पुढे निघाले.

हे बरोबर की चूक? वर्गात हा पाठ शिकवताना मुलांमध्ये दोन तट पडतात. काही जण म्हणतात, आईजवळ जायला हवं होतं. काही म्हणतात, इतक्या लांबून जाऊन वडील परत येणार होते का? मला दोन्ही बाजू पटतात. एवढं मात्र खरं की वर्षभर काम करण्याचं वचन त्यांनी दिलं होतं, आणि एक जण कमी झाला की पथकाची ताकद पाचव्या हिश्श्याने घटते. सेवेच्या कामात आपली गैरहजेरी कोणाला तरी भोगावी लागते. ज्यांना रुग्णवाहिकेवर किंवा तातडीच्या विभागात काम करायचं आहे त्यांनी हे आधीच समजून घ्यावं. गणपतीत, दिवाळीत, घरच्या लग्नात तुमची पाळी लागू शकते, आणि फोन आला की निघावंच लागतं.

येनान

फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोचले. हा चीनच्या उत्तरेकडचा पिवळ्या मातीच्या डोंगरांचा भाग. विमानं बॉम्ब टाकायची म्हणून लोक डोंगर कोरून गुहांमध्ये राहात. शाळा गुहेत, कचेरी गुहेत, दवाखानाही गुहेत. कोटणीस काही महिने येनानजवळच्या अशाच एका रुग्णालयात शस्त्रक्रिया करत होते. थंडी कडाक्याची, जेवण बाजरीसारख्या भरडधान्याचं. सोलापूरच्या माणसाला भाकरीची आठवण नक्की आली असणार.

इथे ते चिनी भाषा शिकले. दुभाषा असताना भाषा शिकायची काय गरज, असं वाटेल. पण जखमी माणूस कण्हत काय सांगतो, कुठे दुखतंय, पाय हलतो की नाही, श्वास घेता येतो की नाही, हे त्याच्याच बोलीत कळावं लागतं. आपल्याकडे कातकरी किंवा ठाकर पाड्यावरच्या आजीला दवाखान्याची पुस्तकी मराठी कळत नाही आणि डॉक्टरला तिची बोली कळत नाही, तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. या भागातली जी मुलं आरोग्यसेवेत जातील त्यांच्याजवळ ही बोली आधीपासूनच आहे. ती मार्कशीटवर छापली जात नाही, एवढंच.

ठरलेलं एक वर्ष संपत आलं. प्रकृती बिघडल्याने डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी भारतात परतले. अटल, बसू आणि कोटणीस मात्र नोव्हेंबर १९३९ मध्ये येनान सोडून आघाडीकडे निघाले. पुढे त्वचेच्या आजाराने डॉ. अटल यांनाही परतावं लागलं. उरले दोघे.

खेचरावरचा दवाखाना

कोटणीस ज्या प्रदेशात गेले तिथे त्यांच्या आधी नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे शल्यविशारद काम करत होते. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बेथ्यून यांचं म्हणणं साधं होतं. जखमी माणूस जखमेने जितका मरतो त्याहून जास्त उशिराने मरतो. लढाईच्या जागेपासून रुग्णालयापर्यंत त्याला डोंगरातून आणायला दोन-तीन दिवस लागले तर रक्त वाहून जातं, जखम कुजते. म्हणून डॉक्टरनेच लढाईच्या जवळ जायचं. पण तिथे गाडीरस्ता नाही. मग त्यांनी खेचराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना बसेल अशी लाकडी चौकट तयार करून घेतली. तिच्या कप्प्यांत औषधं, पट्ट्या, हत्यारं. खाली उतरवून मांडलं की शस्त्रक्रियेची खोली तयार. जिथे युद्ध सुरू झालं त्या मार्को पोलो पुलाचं चिनी नाव या चौकटीला दिलं होतं, कारण तिचा आकार पुलासारखा दिसे. एखाद्या देवळात नाहीतर शेतकऱ्याच्या घरात कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन चाले. पट्ट्या धुऊन पुन्हा वापरत. जखमींना आणायला गावकरी स्ट्रेचर उचलत.

आता आपल्याकडे बघा. आपल्या तालुक्यांत आजही असे पाडे आहेत की पावसाळ्यात गाडी दारापर्यंत जात नाही. बाळंतपणाची बाई असो नाहीतर साप चावलेला माणूस असो, चादरीची झोळी बांबूला बांधून चार जण खांद्यावर घेतात आणि चिखल तुडवत डांबरी रस्ता गाठतात. तिथून पुढे रुग्णवाहिका. भातसा धरणाचं पाणी मुंबईला नळाने पोचतं, आणि धरणाच्या आसपासच्या डोंगरातला रुग्ण झोळीतून येतो. असो. सांगायचं हे की बेथ्यून आणि कोटणीस ज्या प्रश्नाशी झगडत होते तो प्रश्न आपल्याला परका नाही. जखम झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा वेळ कमी कसा करायचा, एवढाच तो प्रश्न.

पुढे जगभर यावर विचार झाला. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात १९६७ साली फ्रीडम हाऊस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ज्यांना नोकरी मिळत नव्हती अशा कृष्णवर्णीय वस्तीतल्या तरुणांना डॉ. पीटर सफार यांनी तोंडाने श्वास देणं, छाती दाबणं, रक्तस्राव थांबवणं असं सगळं पद्धतशीर शिकवलं. आज ज्याला पॅरामेडिक म्हणतात त्या पेशाची ती सुरुवातीची मंडळी. आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली आणि गाडीवर डॉक्टर ठेवण्याची पद्धत ठरली. म्हणून पॅरामेडिकलचा कोर्स केला की लगेच १०८ च्या गाडीवर नेमणूक, असं धरून चालू नका. कोर्स कोणता, त्याला मान्यता कोणाची, नंतर काम नेमकं कुठे मिळतं, म्हणजे ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, एक्स-रे, लॅब की तातडीचा विभाग, हे सगळं फी भरण्याआधी विचारा. या क्षेत्रासाठी केंद्राने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. तालुक्याच्या नाक्यावर शंभर टक्के नोकरीची हमी देणारा फ्लेक्स लागला म्हणजे मान्यता मिळाली असं होत नाही.

पुन्हा चीनकडे येऊ. बेथ्यून यांचा अंत कसा झाला हेसुद्धा मुलांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली. हातमोजे नव्हते. त्या जखमेतून विष रक्तात भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. म्हणजे कोटणीस येनानहून आघाडीकडे निघाले त्याच महिन्यात. पुढे १९४० च्या उन्हाळ्यात जपान्यांच्या ताब्यातली रेल्वेलाइन ओलांडून कोटणीस आणि बसू त्या प्रदेशात पोचले, तेव्हा त्यांनी बेथ्यून यांच्या समाधीचं दर्शन घेतलं. ज्या माणसाची जागा घ्यायची त्याची समाधी आधी बघायची. पाऊल मागे घ्यायला एवढं कारण पुरेसं होतं.

बहात्तर तास

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्ग सेनेने जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम काढली. शेकडो ठिकाणी रेल्वे, पूल, खाणी यांच्यावर हल्ले झाले. जखमींची रीघ लागली. या लढाईत कोटणीसांनी आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री, न झोपता ते शस्त्रक्रिया करत राहिले.

हे वाचून छाती भरून येते, पण एक शिक्षक म्हणून सांगतो, यातलं अनुकरण करण्यासारखं काय आणि नाही काय, हे वेगळं करा. त्यांच्या जागी दुसरं कोणीच नव्हतं म्हणून त्यांना जागावं लागलं. आजच्या व्यवस्थेत सलग पाळ्या करून पेंगणारा कर्मचारी रुग्णाला धोकादायक असतो. गौरव त्यांच्या जिद्दीचा करावा. माणसं कमी असण्याचा करू नये.

काही काळाने डॉ. बसू यांना येनानला परत बोलावलं गेलं. आता त्या डोंगराळ मुलखात भारतीय डॉक्टर एकच उरला.

शिकवणारे डॉक्टर

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. रुग्णालय म्हणजे मोठी इमारत नव्हे. हपेई प्रांतातल्या थांग जिल्ह्यातली खेड्यांतली घरं, आणि शत्रू जवळ आला की सगळं गुंडाळून दुसऱ्या खेड्यात.

त्यांच्या कामाचा मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग हा इथला. रुग्णालयाला जोडून आरोग्यशाळा होती. शेतकऱ्यांची, कामगारांची मुलंमुली तिथे शिकायला येत. बऱ्याच जणांचं शालेय शिक्षण जेमतेम. अशा मुलांना पट्टी बांधणं, रक्तस्राव थांबवणं, मोडलेलं हाड काठीला बांधून स्थिर करणं, जखम स्वच्छ करणं, हत्यारं उकळणं शिकवल्याशिवाय ती लढाई जिंकता येणार नव्हती. एका डॉक्टरच्या दोन हातांनी किती होणार? कोटणीस चिनी भाषेत व्याख्यानं देत. पुस्तकं नव्हती म्हणून त्यांनी स्वतः शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिलं. एक भाग पूर्ण झाला, दुसरा लिहायला घेतला.

भातसानगरच्या मुलांनो, ती आरोग्यशाळेतली मुलं म्हणजे तुमचेच चिनी भाऊबहीण समजा. डॉक्टर झाले नाही म्हणून त्यांचं काम दुय्यम ठरलं नाही. जखमी सैनिकाजवळ सगळ्यांत आधी पोचणारा हात त्यांचाच होता, आणि तो हात चुकला असता तर मागे कितीही मोठा शल्यविशारद असून उपयोग नव्हता. आपल्या मुंबई-नाशिक महामार्गावर, कसारा घाटात, अपघात झाला की सुरुवातीच्या काही मिनिटांत हेच असतं. मानेला इजा झालेल्या माणसाला घाईघाईने ओढून रिक्षात टाकलं तर वाचणारा माणूस कायमचा अधू होऊ शकतो. कसं उचलायचं हे माहीत असलेला एक माणूस तिथे हवा.

जखमी सैनिक आणि गावकरी त्यांना आपुलकीने लाओ के म्हणू लागले. लाओ म्हणजे वडीलधारा, आपल्याकडच्या दादा किंवा अण्णासारखं. वय तिशीचं आणि हाक अण्णाची.

चिंग-लान

त्या आरोग्यशाळेत को चिंग-लान नावाच्या परिचारिका शिकवत होत्या. पेकिंगच्या नावाजलेल्या रुग्णालयात त्यांचं शिक्षण झालेलं होतं. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात दोघांची पहिली भेट झाली. एकत्र काम करता करता ओळख वाढली आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये लग्न झालं. डॉक्टर आणि नर्स दोघेही त्याच कामात, त्यामुळे रात्री उठून का जावं लागतं हे एकमेकांना समजावून सांगायची गरज नव्हती.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रुंग-चन यांनी त्याचं नाव यिन-हुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

अखेर

पण कोटणीसांना अपस्माराचे झटके यायला लागले होते. आपल्या बोलीत ज्याला फेफरं किंवा मिरगी म्हणतात तो आजार. काम, उपासमार, अपुरी झोप यांनी शरीर खंगलं होतं. चांगल्या उपचारांसाठी हा भाग सोडून जावं, असं त्यांना वरिष्ठांनी सुचवलं. ते गेले नाहीत. हातातलं काम, विद्यार्थी, अर्धवट पुस्तक, यांतून त्यांचा पाय निघाला नाही.

त्यांचे आधीचे सगळे निर्णय मला समजतात. हा शेवटचा मात्र पटत नाही. तीन महिन्यांचं मूल, तरुण बायको, आणि ज्या शाळेला त्यांची आणखी वीस वर्षं गरज होती ती शाळा. उपचाराला गेले असते तर कदाचित हे सगळं पुढे चाललं असतं. थोर माणसाच्या चरित्रातही असं एखादं पान असतं की तिथे आपण थांबतो आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडतो. जो दुसऱ्याला वाचवायला निघाला त्याने आपल्या प्रकृतीकडे बघावं, हे आज रुग्णसेवेच्या प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवतात. हातमोजे घाल, आधी स्वतःची जागा सुरक्षित आहे का ते बघ, मग पुढे हो. बेथ्यून आणि कोटणीस यांच्याजवळ ना हातमोजे होते ना सुरक्षित जागा.

डिसेंबर १९४२ च्या सुरुवातीला झटके एकापाठोपाठ एक येऊ लागले आणि ९ डिसेंबरला पहाटे डॉ. कोटणीसांचं निधन झालं. वय बत्तीस. दुसरं पुस्तक अपुरंच राहिलं. थांग जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्यांना मूठमाती दिली गेली. माओ त्से-तुंग यांनी शोकसंदेश पाठवला, सुंग चिंग-लिंग यांनीही श्रद्धांजली वाहिली. पाचांपैकी चार भारतात परतले, पाचवा राहिला.

नंतर

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यावरून १९४६ साली व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट काढला. स्वतः शांतारामबापू कोटणीस झाले आणि जयश्रीबाई चिंग-लान. तुमच्या आजीआजोबांना विचारा, त्यांच्यापैकी कोणीतरी तो नक्की पाहिला असेल.

मुलगा यिन-हुआ वडिलांच्या वाटेने डॉक्टरकीच शिकत होता, पण १९६७ मध्ये, शिक्षण चालू असतानाच, तो गेला. चिंग-लान दीर्घायुषी ठरल्या. त्या २०१२ मध्ये वारल्या. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घ्यायचे, असा रिवाज कित्येक वर्षं चालला. सोलापुरात त्यांच्या राहत्या घरी स्मारक उभारलेलं आहे. सहल काढायची झाली तर शाळांनी ते दाखवावं. सिद्धेश्वर मंदिर आणि भुईकोट किल्ला तर सगळेच बघतात.

कोटणीसांची समाधी पुढे शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या उद्यानात हलवण्यात आली. तिथे बेथ्यून यांचीही समाधी आहे. त्याच शहरात के दी-हुआ यांच्या नावाने एक शाळा चालते. ती एमबीबीएससारखी पदवी देणारी शाळा नाही. शाळा संपवून आलेल्या मुलामुलींना परिचारिका आणि आरोग्य कर्मचारी होण्याचं शिक्षण तिथे मिळतं, आणि अभ्यास सुरू करताना ती मुलं आवारातल्या कोटणीसांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात.